पंधरा मिनिटं आणि एक वजाबाकी: परिषदेत वर्गातलं काम कसं मांडावं

प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा हातच्याच्या वजाबाकीवरचा उपक्रम कोल्हापुरात होणाऱ्या राज्यस्तरीय परिषदेसाठी निवडला गेला आहे. वेळ १५ मिनिटं. ४२ स्लाइड तयार आहेत, फोटो भरपूर आहेत आणि निकाल टक्क्यांत काढला आहे. त्यांना विचारायचंय की यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि सुरुवात कुठून करायची.

मॅडम, आधी काय काढायचं ते बघू, कारण काढायचंच जास्त आहे. समोर बसलेले सगळे शिक्षक आहेत. गणिताचं जीवनातलं महत्त्व, बदलत्या काळातली आव्हानं, नव्या शैक्षणिक धोरणातले उतारे, शिक्षणाची व्याख्या हे सगळं त्यांनी त्याच सकाळी उद्घाटनात दोनदा ऐकलेलं असतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे कोल्हापुरातल्या सभागृहात प्रत्येकाला पाठ असतं आणि बीजभाषणात ते येतंच. आदर मनात ठेवा. तुमच्या पंधरा मिनिटांतली दोन त्यात घालू नका. शाळेची इमारत, मिळालेले पुरस्कार, परसबाग, स्वागताचे फोटो, सगळं काढा. ४२ च्या ९ स्लाइड होतील, त्याही पुरून उरतील.

पहिली स्लाइड म्हणजे मुलाच्या वहीचं पान. नाव झाकलेलं, अक्षर मुलाचंच, लाल शाई नको. त्यावर एकच उदाहरण: ५२ − २८ = ३६. एवढं दाखवून पाच सेकंद गप्प बसा. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं त्यांच्या वर्गातलं एखादं पोर उभं राहतं. मग सांगा की या मुलानं चूक केलेली नाही, एक नियम पाळलाय: २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून २ घालवले, मोठ्यातून लहान. एककाला ६, दशकाला ५ उणे २ म्हणजे ३. दुसऱ्या मुलाचं उत्तर येतं ३४. त्यानं हातचा घेतला, १२ मधून ८ घालवून ४ लिहिले, पण दशकाचे ५ तसेच ठेवले. दोन्ही उत्तरं चूक, दोघांची गरज वेगळी. पहिल्याला गठ्ठा सोडायचा असतो हेच माहीत नाही. दुसऱ्यानं गठ्ठा सोडला, पण गठ्ठ्यांतला एक कमी झाला हे वहीत नोंदवलं नाही.

इथं एक खाचखळगा आहे आणि बहुतेक सादरीकरणं त्यात पडतात. चाचणीत ५२ − २७ असं उदाहरण घेतलं असेल तर वरच्या दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं, ३५. कारण ७ उणे २ सुद्धा ५ आणि १२ उणे ७ सुद्धा ५. एककांतला फरक ५ असला की असं होणारच. म्हणजे पेपर तपासताना कोणत्या मुलाची कोणती चूक हे कळायचा मार्गच बंद. तुमच्या पूर्वचाचणीत अशी उदाहरणं किती आहेत ते आजच मोजा. असतील तर ती चुकांच्या वर्गीकरणातून बाजूला काढा आणि सादरीकरणात तसं सरळ सांगा. तीन अंकी उदाहरणातही तेच. ४०२ − १६८ चालतं: बरोबर उत्तर २३४, मोठ्यातून लहान केलं तर ३६६, शतकातला हातचा मधल्या शून्याला वगळून थेट एककाला दिला आणि दशकात उलटं वजा केलं तर २६४, शून्याचे १० केले पण त्यातला एक पुढं दिल्यावर ९ करायचे राहिले तर २४४. चार उत्तरं, चार वेगळ्या गोष्टी. उत्तर बघताच मूल कुठं अडलंय ते कळतं. ऐकणाऱ्याला उद्या वर्गात वापरता येईल असं यापेक्षा मोलाचं तुमच्याकडं काही नाही, म्हणून यावर तीन मिनिटं खर्च करा.

मग कृती. तुम्ही काड्यांचे गठ्ठे वापरलेत, तर टेबलावर खरे गठ्ठे ठेवा आणि एक गठ्ठा सगळ्यांसमोर सोडून दाखवा. मागच्या रांगेला दिसत नसेल तर मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवून कॅमेरा पडद्याला जोडा. संख्या नेमकी सांगा: चौघांच्या गटाला ९ गठ्ठे आणि ९ सुट्या, म्हणजे ९९ काड्या, २४ मुलांच्या वर्गाला सहा गट धरून साधारण ६००. आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे हीर, जे काही असेल ते. रबर उन्हाळ्यात चिकटतात, तुटतात, म्हणून दुप्पट आणून ठेवायचे. ही माहिती क्षुल्लक वाटते, पण सत्र संपल्यावर लोक नेमकं हेच विचारायला येतात.

आणि काड्या कुठं थांबतात तेही सांगा. ४०२ साठी एका गटाला चारशेवर काड्या लागतात. तो पसारा कुणाच्याच वर्गात मावत नाही. तिथं १००, १० आणि १ च्या कागदी नोटा घ्याव्या लागतात आणि एका मुलाला 'बँक' करावं लागतं. ४०२ वाल्याकडं दहाची नोट नाही. तो बँकेत जातो, शंभर मोडून दहाच्या दहा नोटा आणतो, त्यातली एक पुन्हा मोडून दहा सुटे आणतो. हातात राहतात ३ शतकं, ९ दशकं, १२ सुटे. मधल्या शून्याचे ९ कसे झाले हे फळ्यावर दहा वेळा सांगून जे कळत नाही, ते त्या दोन फेऱ्यांत कळतं. अडचण अशी की काडीचा गठ्ठा सोडला की दहा काड्या दिसतात, पण दहाची नोट सोडता येत नाही, बदलावी लागते. काही मुलांना हा उंबरठा जड जातो. तुमच्या वर्गात किती जणांना गेला? नोंद असेल तर ती एक स्लाइड. 'काय जमलं नाही' या मथळ्याखाली एक तरी स्लाइड असलेलं सादरीकरण लोक विश्वासानं ऐकतात. सगळं छान झालं म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि दुपारच्या चहापर्यंत विसर पडतो.

आता आकडे. तुमच्या पत्रात पूर्वचाचणीची सरासरी ४१.६७ टक्के आणि उत्तरचाचणीची ७८.३३ टक्के असं आहे. २४ मुलांच्या वर्गात दशांश चिन्हापुढच्या अंकांना अर्थ नाही. समजा पट २४, पूर्वचाचणीला २१ हजर, उत्तरचाचणीला २३, पण दोन्ही चाचण्या दिलेली मुलं २०. मग तुमची संख्या २०. 'दहापैकी सात किंवा जास्त बरोबर सोडवणारी मुलं २० पैकी ६ होती, १४ झाली' एवढं वाक्य पुरे. आलेखात सरासरीचे दोन खांब नकोत. प्रत्येक मुलासाठी एक रेघ काढा: डाव्या टोकाला आधीचे गुण, उजवीकडं नंतरचे. वीस रेघा एका नजरेत बसतात आणि दोघांची रेघ खाली उतरली असेल तर तीही दिसते. ती लपवू नका. प्रश्नांच्या वेळी तिच्यावरच चांगली चर्चा होते.

आपल्या जिल्ह्यात पटाचं गणित आणखी गुंतागुंतीचं असतं. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं वर्गात येतात. त्यांची जुलैतली पूर्वचाचणी नसते, आणि हंगाम संपला की उत्तरचाचणीच्या आधीच ती निघून जातात. त्यांना बेरजेत घुसडू नका आणि गाळूनही टाकू नका. वेगळ्या ओळीत दाखवा: किती आली, किती आठवडे राहिली, आली तेव्हा कोणती चूक करत होती आणि जाताना कोणती. तसंच पावसाळ्याचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. शिरोळ, करवीर, हातकणंगलेतल्या नदीकाठच्या गावांत पूर आला की शाळेचं वेळापत्रक पाण्यात जातं. उपक्रमाचे आठवडे सहा म्हणायचे आणि प्रत्यक्ष तासिका अकराच झालेल्या, असं असेल तर तासिका सांगा. आठवडे सांगून उपयोग नाही.

आणखी दोन कच्चे दुवे बघा. एक, सगळ्यांत कमी गुणांची सहा-सात मुलं निवडून त्यांच्यावरच उपक्रम केला असेल तर त्यांचे गुण थोडे तरी वाढणारच, उपक्रम असो वा नसो. कारण पहिल्या चाचणीत कुणाला ताप होता, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि असे योगायोग प्रत्येक वेळी जुळत नाहीत. दोन, दोन्ही चाचण्यांत तीच उदाहरणं असतील तर मुलांनी उत्तरं लक्षात ठेवलेली असतात. दुसरी प्रश्नपत्रिका समान काठिण्याची पण वेगळ्या अंकांची हवी. वेळ हातात असेल तर परिषदेच्या आधी एक तिसरी छोटी चाचणी घ्या, मधल्या महिन्यात सराव न देता. उपक्रम संपला त्याच शनिवारी घेतलेल्या चाचणीपेक्षा ही चाचणी जास्त खरं बोलते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा याला उत्तम.

वेळेबद्दल स्पष्ट बोलू. पत्रिकेत १५ मिनिटं छापली असली तरी त्यातली ३ प्रश्नांची, उरली १२. शिवाय दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं मनोगत यांतून सकाळचं सत्र पाऊण तास घसरतं, आणि ती भरपाई सादरकर्त्यांकडून वसूल होते. सत्राध्यक्ष माईकवर सांगतात, 'प्रत्येकानं सात मिनिटांत आटपावं.' तेव्हा ज्याच्याकडं एकच आराखडा असतो तो घाईघाईनं स्लाइड उलटतो आणि वेळ संपते तेव्हा प्रस्तावनेतच असतो. म्हणून तीन आराखडे घरून तयार करून न्या: १२ मिनिटांचा, ७ चा आणि ४ चा. सातच्या आराखड्यात वहीचं पान, दोन चुकांमधला फरक, नोटांची बँक, वीस रेघांचा आलेख आणि जमलं नाही ते. चारच्यात वहीचं पान, एक कृती, एक आकडा, एक अपयश. तिन्हींची सुरुवात वहीच्या पानानंच, म्हणजे आयत्या वेळी काही बदलावं लागत नाही. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबला की सादरीकरणात थेट त्या स्लाइडवर जाता येतं. कोणता क्रमांक कशाचा ते एका चिठ्ठीवर लिहून हातात ठेवा.

'पेपर वाचन' हा शब्दच घात करतो. लोक खरंच कागद वाचतात. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे १२ मिनिटांत तेराशेच्या आसपास. छापील निबंध अडीच-तीन हजार शब्दांचा असतो. तो वाचून बसत नाही, म्हणून मग रेल्वे सुटते. निबंध अहवालाच्या पुस्तकासाठी वेगळा लिहा, व्यासपीठावर बोला. पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ ठेवा, मधलं सुटं राहू द्या. मोबाईलवर एकदा उभ्यानं बोलून रेकॉर्ड करा आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एकदा मांडून बघा. तिथले सहकारी तोंडावर बोलतात. कोल्हापुरी माणूस असल्या बाबतीत पुळपुळीत बोलत नाही, त्याचा फायदा घ्या.

स्लाइड करताना सगळ्यांत जास्त घोळ मराठी टंकाचा होतो. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल परिषदेच्या संगणकावर उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, आणि आयोजकांच्या तांत्रिक मुलाला तो सोडवता येत नाही. युनिकोडमध्येच टाइप करा, निर्मलासारखा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट घ्या आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर. अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. ओळींतलं अंतर १.२ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. पांढऱ्यावर काळं अक्षर सगळ्यांत सुरक्षित. आपल्याकडच्या सभागृहांच्या खिडक्यांना पडदे असतीलच याचा भरवसा नाही.

व्हिडिओ दाखवायचा असेल तर चाळीस सेकंदांच्या आत, आणि मूल काय बोलतंय ते खाली अक्षरांत लिहा. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, फक्त चित्र जातं. प्रोजेक्टर त्या केबलवर असेल तर तुमचा व्हिडिओ मुका होणार. आदल्या दिवशी किंवा सकाळी नोंदणीच्या आधी एकदा जोडून बघा.

फोटोंबाबत ढिलाई नको. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मुलाची चूक दाखवताना त्याचा चेहरा दाखवणं बरं नव्हे. चुकीचं पान दाखवायचं तर नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का झाकायचा. हातांचे फोटो घ्या: काड्या मोजणारे हात, नोटा बदलणारे हात. ते जास्त सांगतात. मूल ऊसतोड कुटुंबातलं आहे, दिव्यांग आहे, 'अप्रगत' गटातलं आहे, असल्या पट्ट्या फोटोखाली लावायच्या नाहीत.

सारांश तुम्ही पाठवून झालाय, पण अहवालासाठी पुन्हा मागतील तेव्हा शीर्षक बदला. 'आनंददायी शिक्षणातून गुणवत्ता विकास: एक अभिनव उपक्रम' या नावाखाली काहीही मावतं, म्हणून ते कुणी उघडून वाचत नाही. 'इयत्ता तिसरी: मधल्या शून्याची वजाबाकी नोटा बदलून शिकवणं' असं लिहा. अडीचशे शब्दांत इयत्ता आणि पट, अडचण, नेमकी कृती व तासिका, काय बदललं, काय बदललं नाही, इतकं यावं. 'अभिनव' हा शब्द परीक्षकानं वापरायचा असतो.

पोस्टर मागितलं तर कोल्हापुरात फ्लेक्सचं दुकान शोधावं लागत नाही, चौकाचौकांत आहेत. फक्त वाढदिवसाच्या फलकाची सवय असलेल्या कारागिराला मोठा फोटो आणि सोनेरी अक्षरांचा मोह आवरत नाही. त्याला मजकूर स्वतः मांडून द्या. आयोजकांनी दिलेलं माप आणि उभं-आडवं आधी विचारा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि वाचता येत नाही, म्हणून मॅट मागा. घडी घालू नका, गुंडाळून न्या. मुख्य मजकूर दीड मीटरवरून वाचता आला पाहिजे.

प्रश्नोत्तरांत तीन प्रश्न हमखास येतात. 'हे सगळं ठीक, पण अभ्यासक्रम कधी संपवायचा?' याला उत्तर तासिकांच्या हिशेबात द्या: अमुक तासिका जास्त गेल्या, नंतर सरावाच्या अमुक वाचल्या किंवा वाचल्या नाहीत. 'पटसंख्या ६० असेल तर?' तुम्ही साठच्या वर्गात केलेलं नाही, तर तसं म्हणा आणि बँक चालवायला सहा-सात मुलं नेमावी लागतील एवढाच अंदाज द्या. तिसरा म्हणजे 'हे तर आम्ही पूर्वीपासून करतोय.' हा प्रश्न नसतोच. त्यांना विचारा, तुमच्याकडं मधल्या शून्याला मुलं कोणती चूक जास्त करतात? पाच मिनिटांचं भाषण करायला उभे राहिलेले गुरुजी या प्रश्नावर खरोखर विचारात पडतात, आणि कधी कधी फार मोलाचं सांगून जातात. ते लिहून घ्यायला वही उघडी ठेवा. जेवणानंतरचं सत्र मिळालं असेल तर शेवटी प्रश्नांसाठी थांबू नका. दुसऱ्याच मिनिटाला ४०२ − १६८ सगळ्यांना वहीत सोडवायला लावा आणि २४४ कसं येईल ते विचारा. पोटभर जेवलेला माणूससुद्धा जागा होतो.

वाटायला एकच पान: एका बाजूला आठ उदाहरणं आणि प्रत्येकाची संभाव्य चुकीची उत्तरं, दुसऱ्या बाजूला नोटांचा नमुना. दिवसाला साठ-सत्तर लोक येणार असतील तर चाळीस झेरॉक्स पुरतात. संपलं तर लोक मोबाईलनं फोटो काढतात.

राहिली परवानगी. निवडीचं पत्र आणि परिषदेची पत्रिका जोडून अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं किमान पंधरा दिवस आधी द्या आणि कर्तव्यरजेचा उल्लेख अर्जातच करा. गेल्यावर मागितली की ती किरकोळ रजेत जाते. शाळा दोनशिक्षकी असेल तर त्या दिवशी वर्ग कोण बघणार हेही अर्जातच लिहा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. नोंदणी शुल्काची पावती, सादरीकरणाचं प्रमाणपत्र आणि उपस्थितीचा दाखला तिन्ही वेगळे असतात. 'सहभाग' आणि 'सादरीकरण' यांतला शब्द नीट वाचा, नावातली वेलांटी तपासा आणि चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. मागाहून पाठवतो म्हणून सांगितलेलं प्रमाणपत्र पुढच्या परिषदेपर्यंत येत नाही.